बेभरवशाची पाळी आणि काचेची कॅबिन

माझ्या भाचीची पाळी म्हणजे बिनबोलावलेला पाहुणा. कधी वीस दिवसांत दारात हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. घरात बसून करायचं काम असतं तर मी एवढा त्रागा केला नसता. पण बयेनं डोक्यात घेतलं होतं माझ्यासारखी क्रेन चालवायची! आणि आमची कॅबिन म्हणजे बाराव्या मजल्याच्या उंचीवर टांगलेली काचेची पेटी, समोरच्या इमारतीवर माणसंच माणसं. तिथे पॅड बदलणं म्हणजे भर चौकात बदलण्यासारखंच.

"खाली उतरून येईन की," ती म्हणायची.

"क्रेनच्या परवान्याच्या परीक्षेत मधेच उतरलीस की संपलं," मी बजावून ठेवलं होतं. माझ्या वेळी मला तेच सांगितलं होतं आणि मीही मुकाट्यानं ऐकलं होतं. नापास झाली तर परत खाली उभं राहून लोडला, म्हणजे उचलायच्या मालाला, पट्टे बांधायचे आणि वर्षभर वाट बघायची.

म्हणून तिला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइडची गोळी सुरू केली. म्हणाल्या, नीट व्हायला काही महिने लागतील, तोवर नुसत्या तारखेच्या मागे लागू नका. पाळीआधी शरीर काय सांगतं तेही मोबाईलमध्ये टिपत जा. मग विचारलं, "आधी चिडचिड होते का?"

"हिचं माहीत नाही," मी म्हटलं, "पण चिडचिडीवरून ठरवायचं तर माझी पाळी बाराही महिने चालू असते."

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. भाचीनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

हळूहळू माग लागायला लागला. हनुवटीवर फोड आला, कंबर जड झाली, छाती दुखायला लागली, की बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत पाळी. बहुतेक वेळा हं, नेहमी नाही. म्हणून बॅग मात्र कायम भरलेली: पॅड, जास्तीची चड्डी, कागदी पिशव्या, पोटदुखीची गोळी. पोरगी कंटाळली, पण घाबरायची कमी झाली.

परीक्षेच्या सकाळी मी तिची हनुवटी उजेडात धरून बघितली. फोड नव्हता. कंबर? ठीक. छाती? "मावशी, पुरे गं!" तरी मी तिला पॅड लावायला आणि काळी पँट घालायला लावली.

पहिला लोड तिनं असा अलगद टेकवला की पट्टे बांधणारे साइटवरचे मामासुद्धा "वा!" म्हणाले. दुसऱ्याला हुक लावायचा होता तेवढ्यात परीक्षकांच्या हातातल्या वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"साहेब, मला पाळी आलीय. जास्त आलीय. मी खाली येतेय."

कपाळ माझं! मामा आपल्या बुटांकडे बघायला लागले. सगळी तयारी केली, आणि तिनं दवंडी पिटून घरी जायचं?

पण ती लगेच उतरली नाही. तिनं रिकामा हुक वर घेतला. मग क्रेनचा तो लांबलचक आडवा हात वाऱ्याबरोबर सावकाश फिरायला लागला. म्हणजे तिनं फिरण्याचा ब्रेक सोडून दिला होता. मग कुठे शिडीवर तिचे बूट दिसले. खाली पोचली ती कोणाकडे न बघता, बॅग छातीशी धरून तडक बायकांच्या संडासाकडे गेली.

परीक्षक कागदावर लिहायला लागले तसं माझं डोकंच फिरलं. "नापास लिहिताय? लिहा! अहो, अंगातून रक्त वाहत असताना पोरीनं लोड हलवायला हवा होता का? तुमच्या लेकीला असं केलं असतंत?"

"बाई, श्वास घ्या," ते म्हणाले. "उतरायचं नाही असा नियमच नाही. सकाळपासून चार जण वर गेले. लोड उचलायला सगळ्यांना येतं. कॅबिन सोडताना मात्र दोघांनी ब्रेक तसाच लावून ठेवला. आडवा हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरला नाही, तर असल्या वाऱ्यात क्रेन उलथू शकते. ही अशा वेळीही काही विसरली नाही. त्याचे पूर्ण गुण लिहितोय."

"म्हणजे... उतरता येतं?"

"कधीही. सांगून, नीट आवरून."

इतकी वर्षं मी वर बसून दात आवळले होते, दुखत असताना, भिजत असताना, आणि उतरता येतं का, हे कधी कोणाला विचारलंच नव्हतं. मला रडू फुटलं. मामांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला, तोंड दुसरीकडे करून.

भाची बाहेर आली. तिचे डोळे लाल झालेले. "मावशी, गेलं ना सगळं?"

"काय गेलं? काही गेलेलं नाही," मी म्हटलं. "दुसरा लोड तसाच पडलाय. जा, चढ."

तिनं परीक्षकांकडे बघितलं. त्यांनी नुसतं शिडीकडे बोट दाखवलं. आणि माझी पोरगी परत वर चढायला लागली.