ओट्याचे पाय

घरात सगळे त्याला इंचपट्टी म्हणत, आणि ते काही उगाच नाही. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेला माणूस. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं तरी त्याला जेवण गोड लागत नसे. वडिलांनी बांधलेलं घर दुरुस्त करायचं त्यानं अंगावर घेतलं, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली होती, "झालं! आता विटासुद्धा हाताची घडी घालून उभ्या राहतील."

घर साठेक वर्षांचं. बसकं, सपाट छताचं, भिंतभर खिडक्यांचं, पायाखाली ठिपक्याठिपक्यांची मोझेक फरशी. वडील गेल्यावर आई धाकटीकडे राहायला गेली, त्याला दोन वर्षं झाली. "त्या घरात आता माझं काय आहे?" असं ती जाताना म्हणाली होती. ते वाक्य याच्या काळजात रुतून बसलं होतं. घर पहिल्यासारखं केलं की आई परत येईल, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं.

माळ्यावर वडिलांच्या हातचा नकाशा सापडला आणि इंचपट्टीला स्वर्ग दोन बोटं उरला. लोक म्हणाले, फरशी उखडून टाका, खिडक्या बदला. पालथ्या घड्यावर पाणी! त्यानं फरशी घासून घेतली, दारांवरचे रंगाचे पाच थर खरवडले, एक मूठ हरवली होती तर तशीच दुसरी मिळेपर्यंत भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवले.

अडलं ते स्वयंपाकघरात. ओटा म्हणजे दगडी फळी आणि तिच्याखाली पाय असलेली लाकडी कपाटं. नकाशापेक्षा तो चार बोटं बुटका भरला.

"पाय नंतर कापलेत, साहेब," सुतार वाकून म्हणाला. "तेही कुणा नवख्यानं. करवत कशी भरकटलीय बघा. आणि या पायाखाली तर पुठ्ठ्याची घडी सारलीय."

"काय एकेक कारागीर असतात!" इंचपट्टी हसला. "पुठ्ठा टाकून द्या. खाली पट्ट्या लावा आणि नकाशाबरहुकूम करा."

"आईंना एकदा विचारलं असतं तर?"

"अहो, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

धक्का बसला खरा. आई आली ती एकच पिशवी घेऊन. दारावरून हात फिरवला, फरशीवर अनवाणी चालली, डोळे पुसले. "अगदी तसंच केलंस रे," म्हणाली. याचा जीव भांड्यात पडला. पण पिशवी काही उघडली नाही. ती खाटेखाली सारून म्हणाली, "चार दिवस राहते हं."

तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात डोकावला, तर आई जेवणाच्या टेबलाशी बसून कांदा चिरत होती.

"आई, ओटा सोडून इथे का?"

"बरं पडतं."

"खरं सांग."

आईनं सुरी खाली ठेवली. "तू एवढा जीव ओतलास, म्हणून म्हटलं गप्प बसावं. अरे, तो नकाशा काढला तेव्हा आमचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. ओटा तुझ्या आजीच्या उंचीचा. त्या केवढ्या उंच! आणि मी ही एवढीशी. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला चिरताना पाहिलं, खांदे पार कानाला टेकलेले. बोलले काहीच नाहीत. रविवारी कुणाकडून तरी करवत मागून आणली आणि दिवसभर कापत बसले. तळहाताला हे एवढाले फोड! एक पाय जास्त कापला गेला, तर त्याखाली पुठ्ठा घातला."

घरातली सगळ्यात जुनी माया इंचपट्टीनं चूक म्हणून दुरुस्त केली होती, आणि पुठ्ठा हसत हसत कचऱ्यात टाकला होता. त्याला ढसाढसा रडावंसं वाटलं.

सुतार आला. "एकेकच खिळा मारलाय, साहेब. मला वाटलंच होतं." पट्ट्या निघाल्या, ओटा चार बोटं खाली आला. आई उभी राहिली, सुरी हातात घेतली. इंचपट्टी तिच्या खांद्यांकडे बघत राहिला. खांदे अजून थोडे वरच होते.

"आता वयानं मीच खचलेय रे," आई ओशाळून म्हणाली. "असू दे. हे मूळचं आहे."

त्यानं टेप काढली. आईच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, दोनदा. आणखी दोन बोटं.

"मूळचं राखायचं म्हणत होतात ना?" सुतारानं विचारलं.

"तेच राखतोय. करवत द्या इकडे."

"मी कापतो की!"

"नको. मीच कापणार."

दुपारभर तो कापत होता. घामानं निथळला, तळहात सोलवटला. आणि एवढा मापाचा माणूस, पण एक पाय जास्त कापला गेलाच. ओटा डुगडुगायला लागला. सुतारानं तोंड फिरवून हसू दाबलं.

आई आत गेली. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन बाहेर आली, दोनदा घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"कुठून आणलास?"

"पिशवीच्या तळाशी असतो ना, तो. कपडे कपाटात लावले आणि काढून घेतला."

"अगं, मग पिशवी?"

"तिचं आता काय काम?" आई म्हणाली. "सार तो नीट खाली. मला कांदा चिरायचाय."