टकटक ऐकणारी काठी

चेरीची एक सरळ फांदी. चर्चच्या पायरीवर लाल रंगातला आकडा. अंडी गुंडाळायला काढलेला कागद. थेक्लाचा अक्रोड. कॉफीच्या कपावर चमच्याची टकटक.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं. मी चेरीच्या फांदीची एक जुनी काठी आहे. ग्रीसच्या डोंगरातल्या एका कॉफीखान्यात माझा जन्म गेला. माझ्या अंगात लांब चीर आहे. तिच्यात वर्तमानपत्र अडकवलं की ते फाटत नाही, आणि कुणी खिशात घालून नेतही नाही.

गावात एकच अंक यायचा, तोही आदल्या दिवशीचा. पोस्टमन झीसिस मला हातात धरून मोठ्यानं वाचायचा. ज्याला कळलं नाही त्यानं चमच्यानं कप वाजवायचा, मग झीसिसनं ते वाक्य पुन्हा वाचायचं. एकेका वाक्यावर कॉफी गार व्हायची. भांडणंही व्हायची, पण भांडताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

मग मालक स्तामूलिसनं टीव्ही आणला. सगळ्या खुर्च्या एकाच बाजूला वळल्या. मला खिडकीबाहेर उभं करून माझ्या डोक्याला अँटेना बांधली. आता पडद्यावरचा माणूस काय बोलला हे कुणी विचारत नसे. "दिसायला बरा आहे," म्हणत आणि मान डोलावत.

एका रविवारी, गावाखालच्या नदीवर बांधायच्या धरणाला गावाच्या संमतीचा कागद टेबलावर आला. जेवणाआधी सह्या व्हायच्या होत्या. टीव्हीवर इंजिनियर हसून सांगत होता : तळं होईल, होड्या येतील, पाणी थोडंसंच चढेल. झीसिसची बहीण थेक्ला दारात उभी होती. तिचं घर चर्चच्या खालच्या अंगाला. होड्या तिलाही आवडल्या होत्या.

'थोडंसंच' म्हणजे किती ते कळेना, म्हणून झीसिसनं गावाच्या जुन्या सवयीनं कप वाजवला. इंजिनियर बोलतच राहिला. त्यानं आणखी जोरात वाजवला. हशा पिकला.

"झीसिसकाका, तो काचेत आहे," स्तामूलिस म्हणाला. "त्याला तुमचा चमचा ऐकू जात नाही."

"मग आपण त्याचं कशाला ऐकतोय?"

झीसिस उठला आणि त्यानं मला खिडकीतून उपसलं. अँटेना खाली पडली, पडद्यावर मुंग्या आल्या. लोक ओरडत राहिले. त्यानं अंडी गुंडाळायला काढून ठेवलेला कालचा अंक उचलून माझ्या चिरेत सरकवला. सहाव्या पानावर, बारीक अक्षरात : धरणातल्या पाण्याची पातळी, समुद्रसपाटीपासून चारशे बारा मीटर.

दाराच्या चौकटीवर टकटक झाली. तिथं बाईमाणसानं टकटक केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"दादा, परत वाच," थेक्ला म्हणाली.

त्यानं परत वाचलं. मोजणीवाल्यांनी चर्चच्या पायरीवर रंगवलेला उंचीचा आकडा पोरांनाही पाठ होता : चारशे पाच. म्हणजे पाणी चर्चच्या दारावरून जाणार, आणि थेक्लाच्या अक्रोडाचा शेंडाही दिसणार नाही. टीव्ही आल्यापासून माणसं पहिल्यांदाच खुर्च्या वळवून एकमेकांकडे बघायला लागली. पेन खिशात गेलं.

गावानं हरकत घेतली. दोन वर्षांनी धरणाची भिंत ठरल्यापेक्षा बुटकी बांधली गेली, पाणी द्राक्षमळ्यांखालीच थांबलं. काठीला श्वास असता तर मी सुटकेचा टाकला असता.

टीव्ही अजून आहे, अँटेना लोखंडी पाइपवर आहे, आणि मी खुंटीला. मित्रांनो, चित्रं खुशाल बघा. पण ज्याला थांबवून "परत सांग" म्हणता येईल, असं काहीतरी घरात जपून ठेवा. आणि वर्षातून एकदा मला तेल लावा.

मला तासलं तेव्हा झीसिस चार वर्षांचा होता. त्याला वाचता येत नव्हतं; दुसरं कुणी वाचायचं, आणि तो चमच्यानं कप वाजवायचा.