चार खुर्च्या आणि मी

पाच माणसांच्या घरात चारच खुर्च्या करून घेतल्या, तर फायदा कुणाचा? पाचव्या खुर्चीचं लाकूड वाचलं, जेवणाच्या खोलीतली दीड हात जागा वाचली आणि हे सगळं वाचवल्याचं समाधान बाबांना मिळालं. सुतारानं टेप गुंडाळता गुंडाळता एकदा विचारलं होतं, "घरात माणसं किती?"

"पाच," बाबा म्हणाले.

"आणि खुर्च्या चार?"

"ती वाढते ना. ती कधी बसणार?"

ती म्हणजे आई. बाबा दुष्ट नव्हते, मित्रांनो. त्यांनी बसणारी माणसं मोजली आणि ती बरोबर मोजली. सुतारानं चारचा आकडा लिहून घेतला. आठ दिवसांनी टेबल आणि चार खुर्च्या पोचवताना त्यानं उरलेल्या तुकड्यांचं एक स्टूल वर फुकट दिलं. ते मी. आता मी बराच जुना झालो आहे. माझा एक पाय जन्मापासून नखभर आखूड आहे, आणि पाठ तर मला दिलेलीच नाही.

आई माझ्यावर बसायची, पण पुरती कधीच नाही. एक पाय जमिनीवर रोवलेला, अर्धं अंग स्वयंपाकघराकडे. दोन घास होतात न होतात तोच कुणाला पाणी हवं, कुणाला मीठ. एका जेवणात मी तिला अकरा वेळा उठताना मोजलं आहे. तिच्या घाईनं मीही डुगडुगत राहायचो. जगणं म्हणजे असंच, सदा उठण्याच्या तयारीत, असं मला वाटायचं. आजी खुर्चीत रेलून म्हणायची, सूनबाई, जरा स्वस्थ बस की. आणि त्याच दमात, अगं, भाजी राहिली बघ तिकडे. माझं कौतुक म्हणाल तर बाबा पाहुण्यांना सांगायचे, हे फुकटात मिळालंय. आईबद्दल तेवढंही कुणी सांगत नसे.

घरातली धाकटी लेक, ताई, तेव्हा सात वर्षांची होती. एकदा तिनं आपल्या गणिताच्या पेपरची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सारली आणि आईला म्हणाली, आता हलणार नाही, बस. आई बसली. तिच्या दादानं पाणी मागितलं. आई उठली. ताईनं आईच्या हातातला पेला घेऊन दादापुढे असा आदळला की शिंतोडे माझ्यापर्यंत आले. माझ्या मते तिचा स्त्रीवाद तिथे सुरू झाला. तो शब्द तिला कॉलेजात भेटला, एवढंच.

पुढे ताई शिक्षिका झाली. लग्न केलं, पण नाव बदललं नाही. बाबांनी नवं टेबल घेतल्यावर जुनं टेबल आम्हां सगळ्यांसकट तिच्या घरी आलं. तिथला नियम साधा होता: आपलं ताट आपण वाढून घ्यायचं, आपलं आपण घासायचं. नवराही भला माणूस, ताट घासताना शीळ घालणारा. दोघांना चार खुर्च्या. मला वाटलं, सुटलो, आपली नोकरी संपली.

कसली संपते! दोघंही दिवसभर बाहेर, म्हणून स्वयंपाकाला मावशी येऊ लागल्या. आठवड्याचे सातही दिवस, दोन्ही वेळा. मला त्यांच्यासाठी ओट्याशेजारी ठेवलं. मावशी माझ्यावर टेकून चहा प्यायच्या, एक पाय रोवलेला, कान दाराकडे. ते बसणं मी लगेच ओळखलं. माणूस बदललं होतं, बसणं तेच होतं. बाहेर टेबलाशी ताई भाषण लिहीत असायची, घरातल्या समानतेवर. लिहिता लिहिता हाक यायची, मावशी, अजून एक कप टाकता? आणि मावशी उठायच्या. मी डुगडुगून सांगायचा प्रयत्न केला, पण स्टुलाचं कोण ऐकतं!

मग आई आली. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि दोन महिने ओट्याशी उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्वतःच्या घरात ते तिला जमणं शक्यच नव्हतं. म्हणून ताईनं तिला आणलं आणि शब्द दिला, इथे तुला कुणी उठवणार नाही. दुसऱ्याच सकाळी आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली. तिला बघून मावशी माझ्यावरून इतक्या झटकन उठल्या की चहा सांडला.

"बसा हो," आई म्हणाली. "या स्टुलावरून उठायची सवय वाईट. मला विचारा."

मग दारात आलेल्या ताईकडे वळून म्हणाली, "तू खुर्ची मिळवलीस, फार छान केलंस पोरी. पण हे स्टूल काही रिकामं राहिलं नाही."

ताईचा चेहरा उतरला. आधी तिनं आपली बाजू मांडली. ती पगार वेळेवर देते, आवाज चढवत नाही, स्टुलावरच बसा असंही ती कधी म्हणाली नव्हती. गप्प बसलेल्या आईपुढे भले भले वकील हरतात. शेवटी ताईनं मावशींना आग्रहानं टेबलाशी बसवलं. मावशी अंग चोरून बसल्या, चहा गार होऊ दिला आणि मग हळूच बोलल्या.

"ताई, राग मानू नका. खुर्ची राहू द्या, मला रविवारची सुट्टी द्या. मी इथे असते तेव्हा माझ्या घरी माझी लेक ओट्याशी उभी असते. तिची परीक्षा आलीय."

आता खरी पंचाईत झाली. रविवारी ताईचं महिला मंडळात भाषण. रविवारी नवऱ्याचा मित्रांबरोबर खेळ. घरात उरणारं तिसरं माणूस कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल, मित्रांनो. आई म्हणालीही, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, स्टुलावर बसून करीन मी. माझे चारही पाय थरथरले. अशा वेळी हे वाक्य कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे सुटतात.

"आई," ताई म्हणाली, "तू बस."

रविवारी तिनं मंडळाला फोन केला. तब्येत बरी नाही का, असं तिकडून विचारलं. तब्येत ठणठणीत आहे, भात लावलाय, असं तिनं सांगितलं. नवऱ्यानं खेळ सोडला, तापलेल्या कढईचा कान फडक्याशिवाय धरला आणि शीळ बंद पडली. भात खाली लागला. जेवायला तीन वाजले.

आई खुर्चीत बसली खरी, पण स्टुलावर बसावं तशी, काठावर, एक पाय रोवून. चार वेळा ती उठायला गेली आणि चारही वेळा दोघांपैकी कुणीतरी तिच्याआधी उठलं. पाचव्यांदा तिचा हात टेबलाच्या कडेवर गेला, तिथेच थांबला, आणि मग तिची पाठ सावकाश मागे गेली. खुर्चीला पाठ असते, हे कळायला तिला पस्तीस वर्षं लागली.

"भात लागलाय," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "अजून वाढ."

संध्याकाळी ताईनं न केलेल्या भाषणाची घडी माझ्या आखूड पायाखाली सारली. तरीही मी स्वस्थ नाही. पुढचा रविवार येणार आहे आणि त्याच्या पुढचाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. तुमच्या घरातल्या स्टुलावर कोण बसतं, तेवढं अधूनमधून येऊन बघा. आणि घरातली माणसं मोजाल तेव्हा उभी असलेली आधी मोजा.

त्या रविवारसाठी कुणी काय भरलं आणि कुणाला काय मिळालं, त्याचा हिशेब थोडा आहे. ताईनं भाषण सोडलं. नवऱ्यानं एक बोट भाजून घेतलं. मावशींच्या लेकीला अभ्यासाला एक अख्खा दिवस मिळाला. आईनं मात्र काहीच भरलं नाही. तिचं पस्तीस वर्षांचं आगाऊ भरून झालं होतं.