कुमुदप्रभाची पाठ

संयोगिताचा फोन आला तेव्हा मनुबाई त्या पोरीच्याच लग्नाच्या ब्लाउजला शेवटचा हूक लावत होती. "मनुआजी, सिनेमा सापडला," असं पोरगी इतक्या आनंदानं म्हणाली, की म्हातारीनं आधी सुई कापडात टोचून ठेवली. कुठला सिनेमा, हे विचारायची गरजच नव्हती. कुणा हौशी माणसानं जुनी रिळं उतरवून कुमुदप्रभाचा तो सिनेमा इंटरनेटवर टाकला होता. हळदीच्या आदल्या दुपारी सांगलीच्या कार्यालयात सगळ्या बायका जुन्या नट्यांसारख्या नटून येणार होत्या. तिथं मोठ्या पडद्यावर सिनेमा लावायचा, नटीच्या ब्लाउजपाशी थांबवायचा आणि मनुआजींनी सगळ्यांना त्या ब्लाउजच्या गळ्याची हकिकत सांगायची, असा बेत होता. मनुबाईनं "बरं बरं" म्हणून फोन ठेवला, पण सुई काही परत हातात घेतली नाही.

कारण तिनं तो सिनेमा कधी बघितलाच नव्हता.

आता हे उंब्रजात कुणाला सांगितलं असतं, तर सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. अठ्ठेचाळीस वर्षं गावानं त्या सिनेमाचं कौतुक तिच्याच तोंडून ऐकलं होतं. ती नवी नवरी होऊन आली, त्या साली खताच्या दुकानातून एक कॅलेंडर घरी आलं. त्यावर गाणारी नटी कुमुदप्रभा, पांढऱ्या साडीत, तंबोऱ्याला गाल लावून ताठ बसलेली. कोपरापर्यंत बाह्या, समोर होडीसारखा पसरट गळा, अंगावर दागिना म्हणाल तर कानात एकेक मोती. बाकीच्या नट्या बघून मनुबाईला हसू यायचं. हिला बघून मात्र चुलीपुढं बसलेली ती आपोआप सरळ होऊन बसायची. असं दिसता आलं पाहिजे, एवढंच तिला वाटायचं. सासू सिनेमाला जाऊ देणारी नव्हती. एकदा दोरे आणायला म्हणून कराडला गेली तेव्हा थेटराबाहेर उभं राहून तिनं पोस्टरं तेवढी डोळे भरून बघितली. सगळी समोरूनच काढलेली.

हरणाबाई तिची शेजारीण आणि पहिली गिऱ्हाईक. ती कापड घेऊन आली आणि कॅलेंडरावर बोट ठेवून म्हणाली, अस्साच शीव. मग सहज विचारलं, मागनं कसा आहे? नव्या शिंपणीला "ठाऊक नाही" म्हणायची लाज वाटली. तिनं ठोकून दिलं, की मी सिनेमा बघितलाय, मागनं असा असा आहे. मग दोन दिवस जुन्या वर्तमानपत्रांवर कुयऱ्या काढून काढून कात्री चालवली आणि पाठीवर एक कुयरीएवढी खिडकी, तिला कडेनं बारीक गोट, वर कापडाचं एक बटण, असा गळा तयार झाला. त्या काळी घरोघरी डोक्यावर पदर. पाठ दिसायची ती फक्त बायकांनाच, हळदीकुंकवाला पदर जरा खाली आला की. पुढचा गळा दुनियेसाठी आणि मागचा आपापसात, असं मनुबाई म्हणायची. बायका त्या पाठीवर लुब्ध झाल्या. 'कुमुद गळा' असं त्याचं नावच पडलं. लोणंदपासून कवठे महांकाळपर्यंत लेकी-सुनांची मापं उंब्रजला येऊ लागली. थाप एकदा पचली म्हणजे तिला पालवी फुटते. दर संक्रांतीला मनुबाई नवीन काही सांगायची: ती जिन्यावरनं उतरते काय, मान वेळावून वळते काय. शेवटी शेवटी तिला स्वतःलाच ते बघितल्यासारखं वाटायला लागलं होतं.

आता म्हातारपणी तोंडावर आपटायची पाळी. गुडघे धरलेत म्हणून कळवावं असं तिनं ठरवलंही, पण नवरीचा ब्लाउज पोचवायला दुसरं कोण होतं? शिवाय संयोगिता हरणाबाईची नात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मनुबाई पिशवी घेऊन निघाली, कराडला एसटी बदलली आणि सांगली येईपर्यंत मनातल्या मनात हरणाबाईपुढं दहा वेळा कबुली देऊन मोकळी झाली.

प्रत्यक्षात हरणाबाई कार्यालयाच्या दारातच भेटली आणि चारचौघींत घेऊन गेली. "हिच्यामुळं आमी शिनेमा बघायच्या आदीच बघितला," असं ती ज्याला त्याला सांगत होती. आत तर मौजच होती. कुणी केसांचा डोंगर रचलेला, कुणी भुवया थेट कपाळात नेलेल्या, एका मावशींनी काळा तीळ काढून काढून गालच माखलेला. आणि पहिल्या रांगेत अकरा जणी, सगळ्यांच्या अंगात कुमुद गळा. संयोगितानं खास निरोप धाडून बोलावलेल्या. त्यातल्या हरणाबाईनं तर पहिला, पिवळा पडलेला ब्लाउज दोन्ही बाजूंनी उसवून, पट्ट्या जोडून घातला होता. तो बघून मनुबाईला गलबलून आलं. एवढ्या मायेला आपण खोट्याच्या पायावर उभं केलं, याची तिला खरोखर लाज वाटली.

संयोगितानं तिला माईकपाशी नेलं. मनुबाईनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी ह्यो शिनेमा बघितल्याला न्हाई," ती म्हणाली. "कवाच न्हाई. सासू धाडत न्हवती. मागचा गळा माज्या मनानं काडला. हरणा, तुला थाप मारली मी."

सभागृहात कुजबुज झाली. कुणी हसलं, कुणी "आता काय त्याचं" म्हणालं. हरणाबाईचा चेहरा मात्र उतरला आणि ती खाली बघत राहिली. संयोगिताही गोरीमोरी झाली. लहानपणापासून आजीच्या मांडीवर तिनं कुमुदप्रभाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. लग्नात आपण अगदी तिच्यासारखं दिसायचं, एवढा एकच हट्ट तिनं धरला होता.

"म्हणजे लग्नात मी घालणार, तो तिचा नाहीच?"

"न्हाई, बाळा."

पोरगी माईकपासून वळली. तिनं रिमोट घेऊन सिनेमा सुरू केला. मनुबाईला कडेची खुर्ची मिळाली. पडद्यावर कुमुदप्रभा आली आणि स्वतःच्याच आवाजात गाऊ लागली, तशी मनुबाई आपोआप सरळ होऊन बसली. कॅलेंडरापेक्षाही ती देखणी होती. तंबोरा खाली ठेवून ती उठली, एका हातानं पदर पाठीशी घट्ट ओढून जिना चढू लागली. वळताना पदर क्षणभर घसरला. संयोगितानं तिथंच सिनेमा थांबवला.

पाठ दिसली. कुयरी नव्हतीच, कसलाच गळा नव्हता. ढगळ ब्लाउज मागून मुठीत धरावा तसा चिमटून, काळ्या दोऱ्यानं वरून खाली मोठाले कच्चे टाके मारलेले होते. पांढऱ्यावर काळे, मोठ्या पडद्यावर हातभर लांब. पहिल्यांदा एक पोरगी हसली आणि मग हसणं रांगारांगांतून पसरलं.

मनुबाई उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. चष्मा पुसून परत लावला.

"हसू नगासा," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी ऐकू गेलं. "ह्यो ब्लाउज छत्तीसचा हाय. हिची छाती तीसच्या वर न्हाई. दुसऱ्या कुणाचा तरी अंगावर घातलाय आन माणूस आत असतानाच टाकं मारल्यात. वाकली असती तर उसावलं असतं. म्हणून ताठ बसायची गं ती."

हसणं थांबलं. संयोगिता रिमोट हातात घेऊन तशीच उभी होती.

"फुडं सरकव, पोरी. बाईनं पदर किती घट धरलाय बघ. तिला दावायचं न्हवतं."

संयोगितानं सिनेमा पुढं सरकवला. पुन्हा तो चेहरा आला, पुन्हा गाणं सुरू झालं. मनुबाई खुर्चीवर येऊन बसली, तोवर शेजारची खुर्ची ओढून हरणाबाई तिथं बसली होती. तिचा राग गेला होता की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. पण तिनं हातातला रुमाल मनुबाईच्या मांडीवर ठेवला. मनुबाई रडत होती. आपली अब्रू गेली की राहिली, याचा विचारही तिच्या मनात नव्हता. एवढी मोठी नटी, आणि सिनेमाच्या एवढ्या लोकांत एकालाही तिचं माप घ्यावंसं वाटलं नाही, हे तिला सोसत नव्हतं.

"उंब्रज काय लय लांब न्हवतं, हरणे," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "एक दीस आली असती तर मी तिच्या मापाचा शिवून दिला असता."