मनोरीचा मुक्काम

कोकम सरबताचे दोन ग्लास ट्रेमध्ये घेऊन रिसेप्शनवरची मुलगी हसत पुढे आली आणि विमलासमोर येताच थबकली. हसू तसंच राहिलं, पण ट्रे तिरका झाला. सरबत फरशीवर ओघळलं.

"सॉरी काका," ती काशीरामला म्हणाली. विमलाकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

फरशी पुसायला एक बाई आली. ती वाकली आणि विमलाच्या पायांकडे बघत राहिली. टाचा कुठल्या बाजूला, बोटं कुठल्या बाजूला, हे बघावं तशी. मग ओलं फडकं तिथंच टाकून आतल्या दारानं निघून गेली.

"कामाची वाट लावलीय इथं," काशीराम पुटपुटला. "आणि म्हणे फॅमिली रिसॉर्ट."

काशीराम कांदिवलीच्या औषधांच्या कंपनीतून पॅकिंग सुपरवायझर म्हणून नुकताच रिटायर झाला होता. विमला बोरिवलीत घरीच ब्लाउज शिवायची. दोघं कधी हॉटेलात राहिली नव्हती. कोकणात गावी जायचं, नाहीतर कुणाच्या लग्नाला. म्हणून मुलीनं, अक्षतानं, परस्पर हे बुकिंग केलं. मनोरी, शनिवार-रविवार, जेवणखाण धरून. मार्वेच्या जेट्टीवरून बोटीत बसताना विमला गप्प होती. मनोरी म्हटल्यावर ती आधी नकोच म्हणाली होती. का, ते तिनं सांगितलं नाही, आणि काशीरामनं विचारलं नाही.

खोली छान होती. खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसत होता. रबरी ट्यूब कमरेला अडकवलेली पोरं, त्यांच्यामागे धावणाऱ्या आया, स्पीकरवर गाणी. दारावर टकटक झाली. विमलानं दार उघडलं तर बाहेर कोणीच नव्हतं. पायरीवर चहाचा एकच कप आणि बशीत दोन खाऱ्या होत्या.

"मी तर मागवला नाही," काशीराम म्हणाला.

विमलानं घोट घेतला. बिनसाखरेचा, मिरी घातलेला, काळा चहा. असा चहा कोणी पितं हेही तिला माहीत नव्हतं. तिनं कप खाली ठेवला.

बाहेर फिरायला निघाली तेव्हा नारळांखाली झोपलेला एक म्हातारा कुत्रा उठला, लंगडत आला आणि तिच्या पावलांवर डोकं टेकून आडवा झाला. विमलाला कुत्र्यांची भीती वाटायची. पण हा हलेचना. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर बायका लसूण सोलत होत्या. त्यांचं बोलणं एकदम बंद झालं. एकीनं पदर तोंडाला लावला.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये गर्दी होती. वाढणारा पोरगेलासा वेटर काशीरामच्या ताटात सुरमई घालून पुढे वळला, आणि विमलाचं ताट पुढे येताच त्यानं चमचा भांड्यात ठेवून दिला.

"काय रे, हात दुखतो काय तुझा?" काशीराम म्हणाला. "बायकोला वाढ ना माझ्या."

"त्या... त्या घेतील ना स्वतः," वेटर खाली मान घालून म्हणाला.

आचारी बाहेर आला, हातात झारा तसाच. गुणाजी म्हणून कोणीतरी त्याला हाक मारली. त्यानं लांबूनच विमलाला पाहिलं, झारा कपाळाला लावला आणि आत गेला.

विमला हात धुवायला उठली. बेसिनवरच्या आरशात तिनं स्वतःला नीट न्याहाळलं. कपाळ, कुंकू, नाकातली चमकी, सगळं रोजचंच. तेवढ्यात आरशात तिच्या मागे सकाळची फरशी पुसणारी बाई दिसली. दोघींची नजर काचेत भेटली. बाई मागच्या मागे सरकत दाराबाहेर गेली, पाठ न फिरवता.

विमला तडक रिसेप्शनवर गेली. काशीराम मागोमाग, हातात अजून बडीशेप.

"नाव काय गं तुझं?" विमलानं विचारलं.

"गंधाली."

"गंधाली, खरं सांग. मला बघून तुम्ही सगळी अशी का करताय?"

गंधालीनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळू विचारलं, "काकू, तुम्हाला बहीण आहे का?"

"नाय बा," काशीराम म्हणाला. "एकुलती एक ही. घाटकोपरची."

"होती," विमला म्हणाली.

काशीरामचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

"जयंती," गंधाली म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "काकू, बसा तुम्ही."

जयंतीमावशी इथं किती वर्षं होत्या ते गंधालीलाही माहीत नव्हतं. रिसॉर्ट नव्हतं, नुसती दोन कॉटेज होती, तेव्हापासून. चादरी, स्वयंपाक, सामान, सगळं त्यांच्या हाती. नवरा इथल्याच गावचा ख्रिस्ती, आंतोन. तो केव्हाच गेला. मूलबाळ नाही. गणपतीच्या आधी मावशींना ताप आला. अंगावर काढला. एका सकाळी विहिरीपाशी पडलेल्या सापडल्या.

"चेहरा तोच आहे काकू. चालणंपण. सकाळी मला वाटलं की..." गंधालीनं वाक्य सोडून दिलं. "आणि त्यांचं दहावं-बारावं काहीच झालं नाही ना. म्हणून सगळे जास्त घाबरलेत."

"का नाही केलं?"

"त्यांनीच सांगून ठेवलेलं. हसत म्हणायच्या, माझं दिवसपाणी केव्हाच उरकलंय गं, एका माणसाचं दोनदा करत नाहीत."

विमला खुर्चीत मागे टेकली. बाहेर पोरांचा आरडाओरडा चालू होता. काशीराम तिच्याकडे बघत होता, आणि आता तिला सांगणं भागच होतं.

जयंती आंतोनबरोबर गेली तेव्हा विमला शाळेत होती. वडील मिलमधून आले, त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी डोकं भादरून आले. भटजी काही तयार होईना, शेवटी गावाकडचा एक मिळाला. दर्भाची बाहुली केली, तिच्यावर जयंतीचा परकर पांघरला आणि जाळली. बाराव्याला चाळीतली माणसं जेवायला होती. वडे होते. त्यानंतर घरात ते नाव निघालं नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, आम्हाला एकच मुलगी. विमलानं तसंच सांगितलं. काशीरामच्या घरची मंडळी बघायला आली तेव्हाही.

"मनोरीला आहे एवढं ऐकलेलं मी एकदा," ती म्हणाली. "बोरिवलीहून काय, खाडी ओलांडली की झालं."

काशीरामनं मुठीतली बडीशेप खिशात टाकली. मग म्हणाला, "चल गो. घराक जाव या. हयसर नको."

"नाही," विमला म्हणाली. "अक्षतानं दोन दिवसांचं केलंय. दोन दिवस राहू."

संध्याकाळी, दिवेलागणीला, ती हॉलमध्ये गेलीच नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आत शिरली आणि जमिनीवर बसली. "मला इथंच वाढा," म्हणाली. कोणी पुढे येईना. अखेर गुणाजीनं स्वतः पान घेतलं. भात, माशाचं तिखलं, सोलकढी. तिनं कालवलं आणि पहिला घास घेतला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ती चावते का, गिळते का. काटा दातात आला तेव्हा तिनं तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. तेव्हा कुठं एकीनं श्वास सोडला.

"त्या इथंच बसायच्या," गुणाजी म्हणाला. "ह्याच जागी."

"माहीत नव्हतं मला."

"कोणी सांगितल्याशिवाय बसलात तुम्ही."

 विमलानं पान स्वच्छ केलं. सोलकढी पुन्हा मागून घेतली. उठताना फरशी पुसणारी बाई जवळ आली आणि बोटाच्या टोकानं तिच्या मनगटाला शिवून बघितलं. "ऊन हाय," ती बाकीच्यांना म्हणाली आणि रडायला लागली.

रविवारी सकाळी सामान आवरून दोघं निघाली. विहीर बघायची होती म्हणून विमला मागच्या वाटेनं आली. विहिरीवर लोखंडी जाळी टाकलेली होती. कडेला अबोलीची रोपं, आणि त्यांच्यात उकिडवा बसून एक म्हातारा माती भुसभुशीत करत होता. डोळ्यांवर दुधासारखी साय.

"अहो, इकडून या, तिथं चिखल आहे," विमलानं काशीरामला हाक दिली.

म्हाताऱ्याचे हात मातीत थांबले.

"आलीस?" तो म्हणाला.

विमला जागच्या जागी उभी राहिली. काशीराम पुढे येऊ लागला, तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"मी म्हटलंच होतं, येणार ती," म्हातारा म्हणाला. "हे लोक बोलतात, धाकू, तुला भास होतात. मी रोज सकाळी इथं बसतो, बाय. तू काय बोलतच नाहीस. नुसती उभी राहतेस तिकडे, जाळीपाशी."

विमलानं जाळीकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. जाळीपाशी अबोलीचं एक रोप हलत होतं, बाकीची स्थिर होती.

"त्या दिवशी तू हाक मारलेलीस," धाकू म्हणाला. "मी ऐकली. मला वाटलं, नेहमीसारखी पाण्यासाठी ओरडतेय. म्हटलं बिडी संपवू, मग जाऊ." त्याचा आवाज खाली गेला. "रागावलीस काय?"

मी ती नव्हे, हे शब्द विमलाच्या जिभेवर आले होते. म्हाताऱ्यानं मान वर करून कान तिच्याकडे लावला होता. ती खाली बसली, मातीतच, नवी साडी असूनही.

"नाही," ती म्हणाली. "नाही रे रागावले."

"खरं?"

"खरंच. तुझ्या येण्यानं काही फरक पडला नसता."

 धाकूनं अबोलीची चार फुलं चाचपडत तोडली आणि समोर धरली. विमलानं ओंजळ केली.

"मग जा आता, बाय," तो म्हणाला. "मागं बघू नको. निवांत जा."

विमला उठली. विहिरीवरून, नारळांखालून, तलावातल्या पोरांच्या कडेनं ती सरळ गेटपर्यंत चालत गेली. पाठीमागे कोणीतरी चालत असल्यासारखं तिला वाटत होतं. काशीराम तर पिशव्या घेऊन पुढे गेला होता. तिनं मान वळवली नाही. जेट्टीवर पोहोचल्यावर ते चालणं थांबलं.

बोटीत दोघं कडेच्या फळीवर बसली. भरती होती. विमलानं फुलं पाण्यात सोडली आणि हात साडीला पुसले. अक्षताचा फोन आला, काशीरामनं तो कापला.

"मोठी होती की धाकटी?" त्यानं विचारलं.

"मोठी."

"मग तू काय म्हणायचीस तिला?"

विमलानं तोंड उघडलं. घाटकोपरची खोली आठवली, एका पांघरुणात झोपणं, केस विंचरताना बसलेली चापट आठवली. शाळेच्या फाटकातून मारलेली हाक आठवली. त्या हाकेतला शब्द तेवढा येईना. तिनं ओठ हलवून पाहिले, एकदा, परत एकदा. नुसतं जयंती नव्हतं, एवढं नक्की.

काशीराम तिच्याकडे वळून, कान पुढे करून थांबला होता. बोट मार्वेला लागली, माणसं उतरू लागली, तरी तो उठला नाही.