मागे राहणारा स्टॉपर

"वर! वर या सगळे! लाइन सोडू नका!"

कोच फुटबॉलच्या मैदानाबाहेरून घसा फोडत होता आणि ज्याला सगळे खांब म्हणत तो स्टॉपर नेहमीसारखा मागेच राहिला होता.

चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून मागे पडला. समोरच्या टीमचा फॉरवर्ड एकटाच सुटला. बचावातले तिघे हात वर करून लाइन्समनच्या नावाने बोंबलले, "ऑफसाइड! ऑफसाइड!" लाइन्समनने झेंडा उचलला नाही. उचलणार कसा? बचावातली माणसं एकदम पुढे सरकली, तरच समोरचा गडी ऑफसाइडमध्ये अडकतो. एक जरी मागे रेंगाळला तर त्याला रान मोकळं. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. खांबाला कळत नव्हतं असं नाही. तो धावला, आडवा पडला, आणि चेंडू त्याच्याच बुटाला लागून गोलमध्ये गेला.

कॅप्टन तरातरा त्याच्याकडे आला.

"कान फुटलेत का तुझे? वर म्हटलं की वर यायचं!"

"आलो असतो तर तो रिकाम्या गोलात गेला असता."

"रिकाम्या? मग किपर काय कपडे वाळत घालायला उभा केलाय?"

खांबाने मागे वळून बघितलं. किपर खाली मान घालून बुटाने गवत उकरत होता. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "ए खांबा, हल की जरा! का मुळं फुटली?" आणि सगळी बाजू हसली.

हे नाव त्याला याच लोकांनी दिलं होतं, कौतुकाने. पंप बनवणाऱ्या कंपनीची ही टीम, आणि तिचा तो स्टॉपर. बचावाच्या मधोमध उभा राहणारा. ओतकाम खात्यात दिवसभर साचे उचलायचे आणि संध्याकाळी मैदानावर लोकांची डोकी आणि ढोपरं अंगावर घ्यायची, यात त्याच्या उमेदीची वर्षं गेली. जुन्या कोचच्या काळात खेळ एकच होता. सगळे मागे, चेंडू आला की लाथ. दिसायला ओंगळ खेळ, पण टीम हरत नसे. पेपरात कुणी चार ओळी लिहीत नसे आणि खालच्या गटातही कुणी ढकलत नसे.

या सीझनला नवा कोच आला. तो म्हणाला, असं दार लावून बसायचे दिवस गेले. बचाव पुढे सरकवा, समोरच्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात कोंडा, आणि मागे मोकळी राहिलेली जागा किपरने बाहेर येऊन सांभाळायची. यात चुकीचं काही नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण नंतर लोकांनी सगळं कोचच्या डोक्यावर फोडलं. माणूस त्याचं काम जाणत होता. त्याला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती. त्याचा किपर एका डोळ्याने आंधळा होत चालला होता.

हा किपर म्हणजे खांबाच्या बायकोचा धाकटा भाऊ. खांबानेच साहेबांकडे शब्द टाकून त्याला वेल्डिंग खात्यात चिकटवला. खांबाचा मेहुणा म्हणून आला आणि कंपनीभर सगळ्यांचाच मेहुणा झाला. पोरगा हसरा, हाताचा पक्का. मागच्या वर्षी घाईत तोंडावरची काच वर सरकवून त्याने वेल्डिंगचा सांधा ठोकला आणि तापलेली कपची उडून उजव्या डोळ्यात गेली. काच का वर होती, हे विचारतील म्हणून तो कंपनीच्या डॉक्टरकडे गेलाच नाही. बाहेरच्या डॉक्टरने थेंब दिले. डोळा दिसायला धड राहिला, पण धुरातून बघावं तसं दिसायला लागलं. जवळून मारलेला चेंडू तो अजून सवयीने अडवायचा. लांबून उंच आलेला चेंडू कुठे पडणार, ते मात्र त्याला उमगत नसे.

बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून तो लहान मुलासारखा रडला होता. "वेल्डिंगमधून काढतील, ताई. गेटवर काठी घेऊन बसवतील मला."

बायको खांबाला म्हणाली, "अहो, तुम्ही आहात ना त्याच्या पुढे. सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! बोलणाऱ्याला सोपं असतं. सांभाळणाऱ्याची कंबर मोडते तेव्हा हेच लोक विचारतात, एवढं वाकायला सांगितलं होतं कुणी?

खांबाने सांभाळून घेतलं. कोच "वर" म्हणाला की तिघे वर जायचे आणि याचे पाय आपोआप मागे यायचे. कारण मागे गेलेल्या चेंडूवर मेहुणा येणार नाही, हे त्यालाच ठाऊक होतं. सुरुवातीचा एक सामना नशिबाने निघाला. मग बाकीच्या टीमना वास लागला. कंपनीशी गाठ आहे ना? मग डोकं लावायचंच नाही. चेंडू उंच उचलायचा आणि त्यांच्या डोक्यावरून मागे टाकायचा. त्यांचा म्हातारा स्टॉपर लाइन मोडतो आणि किपर जागचा हलत नाही. टीम हरत गेली. कधी अब्रू राखून, कधी घालवून. कोचने बचावात चौघांच्या जागी पाच करून बघितले, मधल्या फळीत माणूस वाढवून बघितला, एकदा सगळेच बदलले. दुखणं पोटात आणि पट्टी गुडघ्याला.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात कोचने खांबाला कोपऱ्यात घेतलं.

"तुम्ही मोठे आहात म्हणून मी गप्प होतो. पण मी किपरलाही विचारलं. तो म्हणतो, भाऊजींचं आता वय झालं, त्यांच्याच्याने वर जाऊन परत धावणं होत नाही. तुमच्याच घरातला माणूस बोलतोय."

"काय म्हणाला तो?"

"खोटं आहे का?"

खांब कपडेही न बदलता चिखलाच्या बुटांनी थेट घरी गेला. मेहुणा तिथेच होता, बहिणीच्या हातचं जेवत.

"ऊठ."

"भाऊजी, जेवतोय..."

"माझं वय काढत होतास तेव्हा पोट भरलं नाही का तुझं?"

बायको पुढे झाली. "अहो, बूट तरी काढा. घरभर चिखल."

"चिखल बघतेस? तुझ्या भावाने माझ्या तोंडावर टाकलाय तो दिसत नाही? अख्खा सीझन मी याच्यापायी शिव्या खाल्ल्या. पोरंटोरं मला मुळं फुटली म्हणतात. आणि हा तिकडे जाऊन सांगतो, भाऊजी म्हातारे झाले!"

मेहुण्याने घास खाली ठेवला. "मग काय सांगू? डोळा गेलाय म्हणून सांगू?"

"काही सांगू नकोस! तोंड शिवून बस!"

"त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं. काहीतरी बोलावंच लागलं. तुम्हाला काय, फार तर टीमबाहेर काढतील. तुमचं खातं तर जात नाही."

खांब त्याच्याकडे बघतच राहिला. या माणसाला टीम म्हणजे संध्याकाळची करमणूक वाटत होती. ओतकामात खांबासारखे पन्नास होते. स्टॉपर तो एकच होता.

"हळू बोला," बायको म्हणाली, "शेजारी ऐकतात."

"ऐकू दे. त्यांनाही कळू दे तुझ्या भावाचे गुण." मग त्याचा आवाज खाली आला आणि जास्तच धारदार झाला. "नीट ऐक. शेवटच्या मॅचला मी लाइनवर. कोच वर म्हणेल, मी वर. तुझ्यासाठी एक पाऊल मागे येणार नाही. मागे काय होईल ते तुझं तू बघ."

"बघता आलं असतं तर तुमच्या पाया पडलो असतो का?"

ताटातलं अन्न तसंच राहिलं.

शेवटच्या सामन्याला सगळी कंपनी लोटली होती. हरलो तर खालच्या गटात, आणि खालच्या गटातली टीम पोसायला मोठे साहेब तयार नव्हते. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. बरोबरी पुरणार होती. वेल्डिंगचा फोरमन पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता.

खांब लाइनवर उभा राहिला. कोच ओरडला की चौघे एकदम पुढे, जणू एकाच दोरीला बांधलेले. समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड. पुन्हा ऑफसाइड. तो वैतागून लाइन्समनशी भांडायला लागला. कोंडलेल्या टीमकडून चेंडू सुटला आणि कॅप्टनने तो गोलमध्ये हाणला. कोच उड्या मारत होता. कॅप्टन येऊन खांबाच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "हे आधी करायला काय धाड भरली होती, गाढवा?"

खांबाला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच त्याला संताप आला. म्हणजे हे जमत होतं. अख्खा सीझन असा खेळता आला असता. त्या बाकीच्या गड्यांनी काय पाप केलं होतं?

दुसऱ्या हाफमध्ये समोरचे शहाणे झाले. फॉरवर्ड लाइनवर उभा राहीना. मधल्या फळीतला एकजण मागून धावत यायचा आणि चेंडू त्याच्या पुढ्यात उंच पडायचा. असा माणूस ऑफसाइडमध्ये सापडत नाही. पहिलाच चेंडू तसा आला. खांब मागे असता तर डोक्याने उडवला असता. तो मागे नव्हता.

मेहुणा गोल सोडून बाहेर आला. आला, हे खरं. जीव तोडून धावत आला, दोन्ही हात पसरून झेपावला, आणि चेंडू नव्हता तिथे पडला. चेंडू त्याच्या उजव्या बाजूने, हातभर अंतरावरून, आरामात टप्पे खात गेला. मागून आलेल्याने तो नुसता ढकलला.

लोक रागावले नाहीत. हसले. नाटकातला दारुडा पडल्यावर हसतात तसे.

बरोबरी अजून होती. "वर!" कोच ओरडला. चौघे वर गेले. खांबाच्या पोटऱ्या मागे ओढत होत्या, दात आवळून तो उभा राहिला. मी सांगितलं होतं, तुझं तू बघ. त्याने एकदाच मागे बघितलं. मेहुणा त्याच्याकडे बघत नव्हता. तो आभाळाकडे मान तिरकी करून बघत होता, कुठून काय येईल म्हणून.

मग मेहुण्याने हात वर केला. खेळ चालू असताना, गोल सोडून तो सरळ पंचाकडे चालत गेला. पंचाने शिट्टी वाजवली.

"काय लागलं?"

"काही नाही. मला दिसत नाही."

"काही गेलं का डोळ्यात?"

"उजव्या डोळ्याने दिसत नाही. बदला मला."

कोच धावत आला. बदलायचे सगळे खेळाडू बदलून झाले होते. कॅप्टनचा चेहरा पडला. "कधीपासून?"

खांब पुढे आला.

"मागच्या वर्षीपासून. मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं?" कॅप्टनने त्याची गळपट्टी धरली. "तुला माहीत होतं आणि तू मागे राहून... तुमच्या घरच्या भानगडीपायी अकरा माणसांना बुडवलंत तुम्ही! पायपुसणी समजता काय आम्हाला?"

खांबाने त्याचा हात सोडवला नाही. कॅप्टन खरं बोलत होता. कोच फक्त एवढंच म्हणाला, "मला एकदा सांगायचं होतं," आणि कडेला जाऊन पाठ करून उभा राहिला.

"गोलमध्ये कोण?" पंचाने घड्याळ दाखवलं. "लवकर ठरवा."

मेहुण्याने अंगातली किपरची जर्सी काढली. घामाने चिंब होती. त्याने ती भाऊजींच्या समोर धरली. खांबाने हिसकावून घेतली.

"बाजूला हो," तो म्हणाला.

एक गडी कमी झालेली टीम आणि गोलमध्ये स्टॉपर. एक उंच चेंडू खांबाने बाहेर येऊन छातीवर घेतला, तेव्हा थोड्या टाळ्या पडल्या. दुसरा कॉर्नरवरून आला, गर्दीतून, कुणाच्या तरी खांद्याला लागून. तो आत गेला. शिट्टी वाजली तेव्हा कंपनीची टीम खालच्या गटात गेली होती, म्हणजे संपली होती.

गडी खाली माना घालून निघाले. खांबाच्या जवळून जाताना एकानेही वर बघितलं नाही.

मेहुणा उघड्या अंगाने कडेला बसला होता. त्याच्याभोवती घोळका जमला होता आणि घोळक्याच्या मधोमध फोरमन. त्याने एका हाताने मेहुण्याचा डावा डोळा झाकला होता. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या तोंडासमोर नाचवत होता.

"किती? सांग की. किती बोटं?"

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मेहुण्याचे ओठ हलले, पण आकडा निघाला नाही.

खांब घोळक्यात घुसला. फोरमन त्याच्यापेक्षा वरच्या जागेवरचा माणूस. खांबाने त्याचं मनगट धरलं आणि ते हळूच, पण हिसडा देता येणार नाही असं, खाली नेलं. मग डोळ्यावरचा दुसरा हातही काढला.

"त्याने सांगितलंय एकदा," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगितलंय. आता परीक्षा नको."

फोरमन लाल झाला. "तू कोण मला शिकवणारा?"

अजूनही खांबाला मेहुण्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. अंगातली ओली जर्सी त्याने डोक्यावरून ओढून काढली, पिळली, आणि मेहुण्याच्या उघड्या खांद्यांवर टाकली. मग तो त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि लोक पांगेपर्यंत तिथून हलला नाही.