बाटल्या फिरवणारा

आन्सेल्म फेब्रुवारीत गेला आणि मागे साठ बाटल्या ठेवून गेला. पैसा म्हणाल तर नाही, जमीन म्हणाल तर घरामागच्या द्राक्षांच्या दोन ओळी. त्याच ओळींची ही वाईन, तीन वर्षं तळघरात आडवी पडलेली, पोटात गाळ धरून बसलेली. तो गाळ बुचापाशी उतरवून काढल्याशिवाय फेसाळ वाईन कुणापुढे ठेवता येत नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि गाळ उतरवणं हाच तर आन्सेल्मचा धंदा! चाळीस वर्षं त्यानं वाईनच्या कारखान्यात लाकडी घोड्यांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या तिरक्या फळ्यांवर, खोचलेल्या बाटल्या फिरवल्या. तोंड खाली, बूड वर. एका वेळी दोन, दोन्ही हातांनी. एक हिसडा, एक वळण. वर्तुळाचा आठवा हिस्सा, ना कमी ना जास्त. एक दिवस उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे. झोपेतसुद्धा त्याची मनगटं वळायची. त्याची बायको ओदील म्हणायची, "चाळीस वर्षांत माझी उशी यानं काही सरळ राहू दिली नाही."

मुलगा गॅस्पार त्याच कारखान्यात फिटर. दोन वर्षांपूर्वी मालकांनी यंत्र आणलं. लोखंडी पिंजरा तो, एका दमात पाचशे बाटल्या फिरवायचा. बापाला जिथं दोन महिने लागत, तिथं आठवडा पुरे. ते यंत्र बसवायचं काम गॅस्पारकडे आलं. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. पण पोराला यंत्राचं कौतुक होतं, खोटं कशाला बोला. शेवटचा बोल्ट आवळून तो उठला, तर दारात बाप उभा, टोपी हातात. त्या दिवसापासून आन्सेल्मनं मुलापुढे तोंडात जी मिठाची गुळणी धरली, ती मरेपर्यंत. शेवटच्या दुखण्यात तो डॉक्टरशी बोलला, शेजाऱ्याच्या कुत्र्याशीही बोलला. गॅस्पार खोलीत आला की भिंतीकडे तोंड करायचा.

मातीला चार माणसं आली, गेली. गॅस्पारच्या जिवाला मात्र चैन पडेना. बापासाठी काहीतरी करायचं म्हणून त्यानं त्या साठ बाटल्यांना लाकडी मांडणी करायला घेतली. ओकच्या फळ्या आणल्या, रंधल्या, भोकं पाडली, खुंट्या मारल्या. चांगली सरळ, आडवी मांडणी, ओळंब्यात.

"आता निवांत राहतील," तो आईला म्हणाला. "शरदात यंत्र मोकळं झालं की नेतो आणि गाळ उतरवून आणतो."

ओदील शेंगा सोलत होती. "त्याच यंत्रात?"

"आठवड्यात काम होईल, आई."

"होईल की. तुझं तू बघ बाबा."

प्रत्येक बाटलीच्या बुडाला आन्सेल्मनं जाण्यापूर्वी पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली होती, बाटली किती फिरली ते कळावं म्हणून. गॅस्पारनं बाटल्या लावताना सगळ्या रेघा बरोबर वर केल्या. फिटरच तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोघं स्वयंपाकघरात कॉफी घेत होती. पायाखालच्या फरशीतून आवाज आला. टक-टक. जरा थांबून पुन्हा टक-टक. तीस वेळा.

ओदीलनं कप खाली ठेवला. ती म्हणाली, "आला म्हातारा कामावर."

गॅस्पारच्या अंगावर सर्रकन काटा आला. दिवा घेऊन तो खाली गेला. तळघरात चिटपाखरू नव्हतं. पण साठच्या साठ रेघा उजवीकडे झुकलेल्या होत्या, आठव्या हिश्श्यानं. आईवर संशय घ्यावा, तर ती आणि तो समोरासमोर बसलेली; शिवाय तिच्या गुडघ्यांना तळघराचा जिना उतरून पाच वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा तेच, रेघा डावीकडे. तिसऱ्या दिवशी उजवीकडे.

चौथ्या दिवशी त्यानं एक बाटली दिव्यासमोर धरली. वाईन पिठाच्या पाण्यासारखी गढूळ झाली होती.

"गढूळ नाही होणार तर काय?" आई म्हणाली. "बाटली आडवी, मग गाळ उतरणार कुठं? म्हाताऱ्यानं फिरवायचं, गाळ उठायचा आणि परत तिथंच बसायचा. अरे, जिवंतपणी काम काढून घेतलंस. आता मेल्यावर असं काम लावलंस की ते कधी संपूच नये!"

एवढं ती कधी बोलली नव्हती. गॅस्पार उठला. यंत्रात बाटल्या न्यायचा विचार त्यानं तिथंच टाकला. मांडणीच्या खुंट्या ठोकून काढल्या, फळ्या सुट्या केल्या आणि घोडी करायला घेतली. दोन फळ्या वर टेकलेल्या, खाली पाय फाकलेल्या. भोकं तिरकी, बाटली आधी जवळपास आडवी राहील आणि रोज थोडी थोडी उभी करता येईल अशी. तिरकं भोक पाडणं म्हणजे गंमत नाही. त्यानं दोन फळ्या नासवल्या, अंगठा फोडून घेतला. घोडी उभी राहिली तेव्हा रविवारची घंटा वाजत होती.

बाटल्या खोचून, गाळ खाली बसेपर्यंत चार दिवस थांबून, पाचव्या सकाळी तो कॉफी घेऊन वाट बघत बसला.

"बसलास काय?" आई म्हणाली. "मेलेल्या बापाकडून मजुरी करून घेणार? दोन हात दिलेत ना देवानं?"

मग साडेसहाला उठून तो स्वतः बाटल्या फिरवायला लागला. एका वेळी दोन. मनगटं भरून आली. वर येऊन कॉफी ओतली, तोच सात वाजता खालून आवाज आला. टक. टक. या वेळी एकेकच. त्यानं मोजले, तेवीस. खाली धावत जाऊन बघितलं, तर ज्या तेवीस बाटल्यांचं वळण त्याच्या हातून कमी-जास्त झालं होतं, त्यांच्या रेघा आता जागच्या जागी आलेल्या.

"काय म्हणतोय?" आईनं वरून विचारलं.

"तेवीस चुका."

"मला वाटलं, पहिल्या दिवशी चाळीस तरी काढेल."

आणि गॅस्पार तिथं, थंड तळघरात, दोन वर्षांत पहिल्यांदा हसला. भीती कुठल्या कुठे गेली. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग पंधरा. मग पुन्हा अठरा, कारण आदल्या दिवशी तो फाजील खुशीत होता. रोज सकाळी सातला बाप त्याच्याशी बोलत होता, एवढंच त्याला कळत होतं. आजारपणात त्याच्या वाट्याला भिंतच आली होती; आता रोज पंधरा-पंधरा, अठरा-अठरा शब्द. तो खाली उभा राहून म्हणायचाही, "बाबा, चुकलं माझं. त्या बाटल्यांचं नाही म्हणत मी." उत्तर यायचं नाही. पण दुसऱ्या सकाळी आवाज यायचा.

महिना झाला. बाटल्या जवळजवळ उभ्या झाल्या. चुका सहावर आल्या, मग दोनवर, मग एक. आणि एका मंगळवारी सात वाजले, सव्वासात झाले, फरशीखाली काही वाजलं नाही. खाली साठ रेघा जशा त्यानं सोडल्या तशाच.

कारागिराला आनंद व्हायला हवा ना? गॅस्पार मात्र आठ वाजेपर्यंत तळघरातच थांबून राहिला. त्यानं काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी तीन बाटल्या मुद्दाम चुकीच्या वळवल्या. पार उलट्या, शिकाऊसुद्धा वळवणार नाही अशा. वर येऊन तो फरशीकडे बघत बसला. कॉफीवर साय धरली. आवाज नाही. खाली तिन्ही रेघा तोंड वाकडं करून तशाच.

वर येऊन तो आईपुढे बसला. "मी मुद्दाम चुकलो आई. तरी आले नाहीत."

"मग कसा येईल? चुकणाऱ्याला तो शंभरदा शिकवायचा. मुद्दाम करणाऱ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही."

"पण मला माफ केलं की नाही, ते न सांगताच..."

"अरे खुळ्या!" ओदीलचा आवाज फुटला. "कारखान्यात किती शिकाऊ आले, सगळ्यांना त्यानं आठवड्यात हाकलून दिलं. म्हणायचा, यांचे हात या कामाचे नाहीत. तुझ्यापाशी महिनाभर थांबला तो. आणि काम तुझ्या हातात ठेवून गेला. आता तुला काय कागदावर लिहून हवंय?"

गॅस्पार बराच वेळ रडला. तिनं रडू दिलं. मग त्यानं तोंड धुतलं, तळघरात गेला आणि त्या तीन बाटल्या स्वतःच्या हातानं सरळ केल्या. तसं करताना त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.